रानातून घेण्याची रीत

(मंडळाच्या वर्धापनदिनी चंद्रपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीस बाईंनी मला बोलण्याविषयी विचारले, तेव्हा मी त्यांना म्हटले की, मी उभा जन्म शाळेत वनस्पतिशास्त्र शिकविण्यात घालविला. झाडांखेरीज मला दुसरे काही बोलता यावयाचे नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मग झाडांवरच बोला, पण आमच्या उपयोगाचे बोला." ही अट मला फार आवडली. कारण आपल्या भागात झाडांविषयी बोलणे आणि घरसंसाराविषयी बोलणे ह्या दोन गोष्टी वस्तुतः वेगळ्या नाहीतच.

आपला पूर्वीचा अखंड चांदा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभागला जाऊन गडचिरोली हा नवा जिल्हा झाला. नकाशावर रेघ पडली, पण रान एकच राहिले. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाने झाकलेला आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा साधारण एक-तृतीयांश. ह्या रानात साग आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या बल्लारपूरच्या आगारातून २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेले, तेव्हा आपल्या सर्वांचीच मान उंचावली. परंतु रान म्हणजे नुसता साग नव्हे. सागाच्या सोबतीला ऐन, बिजा, हळदू, धावडा, रोहन, भेरा, शिवण आहेत. मोह, तेंदू, चार आहेत. हिरडा, बेहडा, आवळा आहेत. खाली बांबू आहे, आणि त्याच्याही खाली कुडा, तरोटा आणि कितीतरी वेली व कंद आहेत. ह्या नानाविधतेलाच आजकाल जैवविविधता म्हणतात. शब्द नवा आहे, वस्तू जुनी आहे.

ही वस्तू आपल्या घरात किती खोलवर आली आहे, ते पाहा. पाऊस पडला की बाजारात तरोट्याची कोवळी भाजी येते, मग बांबूचे कोंब, म्हणजे आपले वास्ते, नंतर सात्या. कुड्याची फुले येतात. उन्हाळ्यात चार आणि टेंभरे येतात. बासुंदीवर पेरलेली चारोळी, बाळंतिणीच्या औषधातला हिरडा, दळण पाखडण्याचे सूप, लग्नातली परडी, मांडवाचे बांबू! सकाळपासून रात्रीपर्यंत रान आपल्या हातात असते. फक्त ते रानातून आले, हे आपण विसरून जातो. कारण आपण ते बाजारातून आणतो.

आता कोणी विचारील की, इतक्या जातींची गरज तरी काय? उपयोगाच्या दहा-वीस राखल्या म्हणजे झाले! ह्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने देऊन ठेविले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे ह्यांना १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत 'पटेल ३' जातीच्या पिकामध्ये काही लोंब्या निराळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या भेसळ म्हणून टाकून दिल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवडीत गेले. त्यातूनच पुढे ज्याला एचएमटी म्हणू लागले तो तांदूळ निघाला. दादाजी ३ जून २०१८ रोजी निवर्तले. त्यांचा तांदूळ आपल्या डब्यात आहे. वेगळेपणा राखला म्हणजे त्यातून उद्याचे अन्न निघते. तो आज टाकून दिला तर उद्या तो पैसे देऊनही मिळत नाही. शेतातील धानाला जे लागू, तेच रानातील मोहाला आणि चाराला लागू.

येथे थोडे दूरचे सांगते. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे दगड झालेली झाडे सापडली आहेत. हात लावला तर दगड, पाहिले तर लाकूड. ती पंधरा कोटी वर्षांहून जुनी आहेत. त्या काळी आपली भूमी आफ्रिकेला जोडलेली होती. पुढे ती तुटली, आणि कित्येक कोटी वर्षे आफ्रिका व आशिया ह्या दोन खंडांमधल्या समुद्रात एखाद्या प्रचंड बेटासारखी सरकत राहिली. मग साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी ती आशियाला येऊन भिडली. बेटावरच्या वनस्पतींचे एक वैशिष्ट्य असते. त्या एकांतात वाढतात, म्हणून आगळ्यावेगळ्या होतात. मादागास्कर बेटावरील बहुतेक झाडे जगात इतरत्र आपोआप उगवत नाहीत. परंतु त्याच एकांतामुळे बेटावरचे झाड नाहीसे झाले तर त्याचे बी दुसरीकडून उडत येत नाही. गेले ते कायमचे गेले.

हे मी एवढ्यासाठी सांगितले की, आज आपले रानही जागोजागी बेटे होऊ लागले आहे. मध्ये शेत, मध्ये रस्ता, मध्ये कोळशाची खाण. तिकडे एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचे उत्खनन. माणसाला शेती हवी, रस्ता हवा, रोजगारही हवा, हे मी नाकारीत नाही. पण रानाचा तुकडा लहान होत जातो तसा बी येण्याचा मार्ग बंद होत जातो. मोहाचेच उदाहरण घ्या. मोहाचे फूल रात्री वटवाघळांसाठी असते. ती येतात, फुलातील गोडवा चाखतात, परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात, आणि फळ धरल्यावर बीही दूरवर टाकतात. तेंदूची आणि चाराची फळे अस्वल खाते. त्याच्या विष्ठेतून बी पसरते. वटवाघूळ आणि अस्वल ह्या प्राण्यांविषयी आपल्याला प्रेम नाही. पण ती रानातील माळ्याचे काम करतात, आणि त्यांना पगार द्यावा लागत नाही.

एका वर्षी मी नववीच्या मुलींना मूल तालुक्यातील एका गावाच्या शिवारात नेले होते. त्यांना म्हटले, प्रथम मोठे मोह मोजा. त्यांनी एकोणीस मोजले. मग म्हटले, आता गुडघ्याएवढे मोहाचे रोप शोधून दाखवा. दुपारपर्यंत मुली हिंडल्या आणि एकच रोप सापडले. तेही एका काटेरी जाळीत दडलेले. एकोणीस आजोबा आणि एक नातवंड! हे गाव काही जगावेगळे नव्हते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात. आगीत लहान रोपे मरतात. फुलांपैकी जी झाडावर राहून फळ धरतात, त्यांच्या बिया तेलासाठी गोळा होतात. उरलेसुरले जनावरे खातात. मोठे झाड डौलाने उभे असते, म्हणून कोणाला काही उणे वाटत नाही. पण म्हाताऱ्यांनीच भरलेले घर किती दिवस चालणार?

चारोळीची कथा याहून दुःखद आहे. त्याच शिवारात डोक्यावर चाराच्या फांद्यांचा भारा घेतलेली एक बाई भेटली. फळे हिरवी होती. मी विचारले, "मावशी, आठ-पंधरा दिवसांनी पिकली असती, दाणाही भरला असता. आताच का तोडली?" ती म्हणाली, "मी नाही तोडली तं उद्या दुसरा तोडून नेते, बाई. झाड का माझ्या घरचं हाय?"

भगिनींनो, रान का जाते ह्यावर मी मोठमोठी पुस्तके वाचली, पण या दोन वाक्यांहून अधिक खरे काही वाचले नाही. ती बाई अडाणी नव्हती. फळ केव्हा पिकते हे तिला माझ्याहून चांगले ठाऊक होते. झाड कोणाचेच नाही म्हणून ते ज्याच्या हाती पडेल त्याचे, हे तिचे दुखणे होते. तिला उपदेश करून काय होणार? जे आपले आहे असा भरवसा आहे, तेच माणूस पिकेपर्यंत थांबून घेते.

आणि ती हे सारे कोणत्या धोक्यात करते, तेही विसरू नका. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात प्राणास मुकल्या. तेंदूचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. सत्तर पानांचा एक पुडा, आणि पुड्यांच्या संख्येवर मजुरी. जितके पहाटे निघावे आणि जितके आत जावे, तितके पुडे अधिक. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. तेथील वाघ वाढले, ह्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण वाघ राखण्याची किंमत ज्या घरांनी मोजली, त्या घरांना वगळून रान राखण्याची भाषा आपण शहरात बसून करू लागलो, तर ती माणुसकीला धरून होणार नाही.

मग रान राखावे कसे? मला दोन रीती दिसतात.

पहिली रीत म्हणजे हातच न लावणे. आलापल्लीजवळ वनखात्याने १९५३ सालापासून सहा हेक्टरांचा एक तुकडा तोडीपासून अलग ठेविला आहे. त्याला 'आलापल्लीचे वनवैभव' म्हणतात. तेथे सागाचे असे बुंधे आहेत की, मुलींनी हातात हात गुंफून फेर धरावा. वठलेले झाड पडते, तेथेच कुजते, त्यावर बुरशी येते, वाळवी येते, आणि त्या मातीतून नवे रोप उठते. २०१४ साली शासनाने ह्या जागेला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. महाराष्ट्रातील ते पहिले. असे तुकडे हवेतच. ते रानाचे जणू विरजण आहे; सारे दूध नासले तरी विरजण राखलेले असावे. पण केवळ विरजणावर घर चालत नाही. सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकर. तेवढ्यावर दोन जिल्ह्यांची चूल कशी पेटणार?

म्हणून दुसरी रीत हवी. ती म्हणजे घ्यावे, पण नेमाने घ्यावे. आणि नेम घेणाऱ्यांनीच करावा.

ह्या रीतीचे उदाहरण शोधण्यास आपल्याला परप्रांतात जावे लागत नाही. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे लहानसे गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावची. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी, आणि त्यांच्या सोबतीला मोहन हिराबाई हिरालाल, ह्यांनी तेथे अनेक वर्षे अभ्यास गट चालविला. गावाचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात. एकालाही पटले नाही तर पुन्हा बसावयाचे. मध हवा पण पोळे जाळावयाचे नाही, रानाला आग लागू द्यावयाची नाही, असे नेम गावाने विचारपूर्वक स्वीकारले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत ते आहे.

तरीही बांबूची अडचण उरली होतीच. १९२७ च्या वनकायद्यात बांबू हे झाड ठरविले होते! वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हे गवत आहे; कायदा सांगे की झाड आहे; आणि त्या एका शब्दापायी गावाला स्वतःच्या रानातला बांबू विकता येईना. २००६ च्या कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पुढे २०१७ साली १९२७ च्या कायद्यातील झाडांच्या व्याख्येतूनही बांबू वगळण्यात आला. मी शाळेत तीस वर्षे मुलींना जे सांगत होते, ते अखेर कायद्याला पटले!

दुसरे गाव आपल्या जिल्ह्यातलेच. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव. त्याला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर वनावर हक्क मिळाला. पाचगावच्या ग्रामसभेने काय केले असेल? तेंदूपानांचा हंगाम बंद केला! रोख पैसा देणारे काम आपण होऊन सोडले. कारण चांगली कोवळी पाने यावीत म्हणून तेंदूची झुडपे छाटतात, खाली आग लावतात. मग झाड वाढत नाही, फळ लागत नाही, पाखरांना टेंभरे मिळत नाहीत. आणि शेवटी त्या पानाची विडीच होते. ह्याच्या बदली गावाने बांबूची नेमाने तोड करून विक्री सुरू केली, आणि रानाचा एक भाग कसलीही तोड न करता राखून ठेविला. म्हणजे विरजणही राखले आणि दूधही वापरले. चारोळीचा भारा घेतलेल्या त्या मावशीला जो भरवसा नव्हता, तो ह्या गावांना मिळाला. तो मिळताच त्यांनी रान ओरबाडले नाही. उलट स्वतःच्या हाताला आवर घातला.

सर्वच गावे अशी झाली आहेत, असे मी म्हणत नाही. हक्काचा कागद मिळाला म्हणजे शहाणपण आपोआप येते, असेही नाही. बैठकीत बसावे लागते, भांडावे लागते, हिशेब लिहावे लागतात. त्यातही एक गोष्ट माझ्या मनाला फार मोलाची वाटते. वनहक्काच्या ग्रामसभेत निदान निम्मे सभासद हजर असावेत, आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश तरी स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. हा काही स्त्रियांवर केलेला उपकार नव्हे. मोहफूल कोण वेचते? चार कोण फोडते? वास्ते, सात्या, तरोटा कोणी ओळखावयाचा? जिचा हात रानात जातो, तिचे तोंड सभेत उघडले पाहिजे. नाही तर केलेला नेम कागदावरच राहील.

आता चिटणीस बाईंच्या अटीकडे वळते, उपयोगाचे काय? आपण शहरातल्या बायका. आपल्याला ग्रामसभा नाही. पण त्या मावशीच्या भाऱ्याचे दुसरे टोक आपल्या हातात आहे. म्हणून मंडळापुढे चार साध्या सूचना ठेवते.

पहिली सूचना चारोळीची. कोवळ्या फळाचा दाणा बारीक आणि सुरकुतलेला असतो. पिकलेल्या फळाचा टपोरा असतो. स्वस्त मिळते म्हणून सुरकुतलेली चारोळी घेऊ नये. दाणा पारखून घ्यावा, आणि शक्य तेथे बचतगटाकडून किंवा ग्रामसभेकडून घ्यावा. चार पैसे जास्त पडतील, तर एखाद्या सणाला चारोळी कमी घालावी. बासुंदी बिघडत नाही.

दुसरी सूचना मोहाच्या रोपांची. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी ताजे असतानाच पेरावे लागते. मंडळाच्या मागील अंगणात जागा आहे. जूनमध्ये शंभर पिशव्या भरू. वर्ष-दोन वर्षे वाढवू, आणि जे गाव आग व जनावरे ह्यांपासून रोपे जपण्याचे वचन देईल, त्या गावच्या भगिनींच्या स्वाधीन करू. मोहाला फुलावयास बरीच वर्षे लागतात. ती फुले आपण वेचणार नाही, हे गृहीत धरूनच हे काम करावयाचे आहे. त्याच भगिनींना झाडाखाली अंथरण्यास जुनी पातळे आणि जाळ्या देऊ, म्हणजे फुले अलगद वरच पडतील आणि पाचोळा जाळण्याची गरज उरणार नाही. पातळे तर आपल्या प्रत्येकीच्या ट्रंकेत पडूनच आहेत!

तिसरी सूचना कुंपणाची. घाणेरी फुलांनी सुरेख दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती अमेरिका खंडातून शोभेसाठीच आपल्या देशात आणली गेली, आणि आज तिने रानोमाळ पसरून आपल्या गवताची व रोपांची जागा बळकावली आहे. ती आपल्या अंगणात लावू नये. असेल तर काढून टाकावी आणि तिच्या जागी मेंदी किंवा अडुळसा लावावा.

चौथी सूचना वहीची. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी आणि शहरोशहरी समिती असून तिने लोकांच्या सांगण्यावरून वनस्पतींची नोंदवही करावयाची असते. आपल्यापैकी कित्येकींच्या सासूबाईंना, आपल्या दारावर भाजी घेऊन येणाऱ्या बायांना जी नावे ठाऊक आहेत, ती कोणत्याच पुस्तकात नाहीत. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात खावी, कोणता कंद किती पाण्यांत उकळला म्हणजे त्याची खाज जाते, हे ज्ञान त्यांच्याबरोबरच जावयाचे. मंडळाने एक वही घालावी. दर महिन्याच्या सभेत प्रत्येकीने एक वनस्पती आणावी, तिचे आपल्या घरचे नाव, उपयोग आणि ते कोणी सांगितले, हे लिहावे. वर्षाअखेर ती वही समितीला नेऊन द्यावी. वनस्पतीचे नाव जिभेवर असेल, तर ती नाहीशी झाल्याचे कोणाच्या तरी ध्यानात येईल. नावच गेले, तर ती गेल्याचे कळणारही नाही.

ह्या चारही गोष्टी लहान आहेत हे मी जाणते. ह्यांनी खाणी थांबणार नाहीत की वाघ दूर जाणार नाही. पण आपण रानातून घेतो ते घेणारच आहोत; आपल्या आया-आज्यांनीही घेतले. त्यांच्या घेण्याला रीत होती. फांदी न मोडता फळ काढावे, कंद खणला तर त्याचा डोळा परत मातीत लावावा, पहिला बहर देवाला आणि पाखरांना सोडावा, ह्या साऱ्यांत एक आवर होता. तो आवर बाजाराने सोडविला. तो पुन्हा बांधावयाचा असेल, तर रानातल्या भगिनींना हक्क हवा आणि बाजारातल्या भगिनींना विचार हवा. पैकी दुसरा भाग तरी आपल्या हातचा आहे.

पिशव्या भरण्यासाठी माती आणि शेणखत जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल, असे चिटणीस बाईंनी मला आताच कानात सांगितले. तेव्हा ज्यांना माझे बोलणे कंटाळवाणे वाटले असेल त्यांनीही त्या दिवशी यावे. तेथे मी बोलणार नाही, नुसती माती कालवीन.